हाताला मुंग्या का येतात? सायकलचं हँडल आपल्या मापाचं करताना

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला सायकलनं निघालं तर अंतर जेमतेम ३० किलोमीटर. पडेगाव, शरणापूर मागं पडतं, दौलताबादच्या तटबंदीतून रस्ता आत शिरतो आणि पुढं घाट लागतो. पाय अजून ताजे असतात, दमही शाबूत असतो, पण करंगळी मात्र तोवर बधिर झालेली असते. माणूस हात झटकतो, थोडा वेळ एका हातानं चालवतो आणि परत आल्यावर दुकानातून जाड, गुबगुबीत जेलच्या ग्रिप आणून बसवतो. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच बोटाला पुन्हा मुंग्या.

याचं कारण असं की दुखणं ग्रिपपाशी जाणवतं, पण बहुतेक वेळा ते तयार दुसरीकडं होतं. एक तर अंगाचं वजन नको इतकं पुढं हातांवर येत असतं, नाही तर मनगट वाकडं धरलं जात असतं. यातलं काहीही ग्रिप बदलून सुटत नाही. म्हणून क्रम पाळावा: आधी सीट, मग हँडलची उंची, मग ब्रेक लिव्हरचा कोन, मग रुंदी आणि सर्वांत शेवटी ग्रिप. पहिल्या तीन कामांना बहुधा एक रुपयाही लागत नाही, आणि बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात.

कोणतं बोट बधिर होतं ते आधी बघा

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल तर दाब अल्नर नावाच्या नसेवर येतोय. ही नस तळहाताच्या खालच्या गादीत, करंगळीच्या बाजूनं, एका चिंचोळ्या वाटेतून बोटांकडं जाते. आपण हँडलवर रेलतो तेव्हा ग्रिप नेमकी तिथंच रुतते. हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, आणि तो हातांवर जास्त वजन येतंय याची खूण आहे.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती नस वेगळी, मीडियन. ती मनगटाच्या मधोमध असलेल्या बोगद्यातून जाते. मनगट मागं मोडलेलं राहिलं की हा बोगदा आवळला जातो. इथं लिव्हरचा आणि हँडलचा कोन तपासावा.

अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ठणकत असेल तर ग्रिप घसरते किंवा फार बारीक आहे, म्हणून हात नकळत आवळून धरतोय. मान आणि खांदे भरून येत असतील तर हँडल लांब पडतंय किंवा फार रुंद आहे.

सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत बोटं पूर्ववत होत असतील तर दुरुस्ती सायकलची करायची. बधिरपणा दिवसचे दिवस टिकत असेल, शर्टाचं बटण लावताना किंवा चावी फिरवताना बोटांत जोर वाटत नसेल, तर मात्र सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. दबलेली नस दुर्लक्ष केल्यानं बरी होत नाही.

हँडलला हात लावण्याआधी

सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर माणूस बसल्या बसल्या पुढं घसरत राहतो आणि हात त्याला सतत मागं ढकलत असतात. सायकल सपाट फरशीवर उभी करा, सीटवर पुढून मागं एक फळी किंवा मोठी वही ठेवा आणि ती फरशीशी समांतर आहे का ते बघा. मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅपही चालतं. सुरुवात अगदी सपाट ठेवून करावी.

उंचीसाठी सोपी कसोटी म्हणजे पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर गुडघा सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. सीट फार उंच असली तर कंबर डोलते, आणि तोल सावरण्याचं काम हातांवर येतं.

आता मोकळ्या मैदानात सावकाश चालवत हात ग्रिपवरून न सोडता फक्त हलके करून बघा. अंग लगेच पुढं कोसळतंय असं वाटलं तर वजन अजून पुढंच आहे.

दुसरी गोष्ट हवेची. मराठवाड्याचा मोठा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर दगडासारखं टणक चाक प्रत्येक धक्का सरळ तळहातापर्यंत पोचवतं. पंक्चरच्या दुकानात हवा भरताना बोटानं दाबून दबेना होईपर्यंत भरायची सवय आहे. २६ इंची, १.९५ मापाचा टायर आणि ६५ किलोचा माणूस असेल तर पुढच्या चाकात ३५ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. टायरच्या कडेवर छापलेली कमाल आणि किमान मर्यादा बघून त्याच्या आतच राहा. महागड्या जेल ग्रिपनं हाताला जेवढा आराम मिळतो, त्याहून जास्त अशी १५ पीएसआय हवा कमी करून मिळतो.

उंची: दोन जातींचे स्टेम

स्टेम म्हणजे हँडल आणि चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाची, नळी यांना जोडणारा भाग. कामावर, शाळेत, बाजारात जायच्या सायकलीचं हँडल सीटच्या बरोबरीनं किंवा २ ते ५ सेंटिमीटर वर असावं. त्याहून खाली गेलं की वजन हातावर येतं. फार वर घेतलं तर सगळा भार बुडाखाली जातो आणि घाटात पुढचं चाक हलकं पडून डुगडुगतं.

जुन्या दांडीच्या सायकली, शाळेच्या मुलींच्या सायकली आणि बऱ्याच साध्या गिअरच्या सायकलींत स्टेमचा दांडा चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असतो. वर एक बोल्ट असतो, तो लांबच लांब खाली जातो आणि त्याच्या टोकाला तिरपा कापलेला ठोकळा असतो. बोल्ट आवळला की ठोकळा वर ओढला जातो, नळीत तिरका होऊन फसतो आणि स्टेम पक्का बसतो. हे नीट समजलं तर एक नेहमीची चूक टळते. लोक बोल्ट सैल करतात, हँडल हलत नाही, म्हणून बोल्ट पूर्ण काढून टाकतात. ठोकळा नळीतच राहतो आणि मग तो काढणं जिकिरीचं होतं.

बोल्ट फक्त चार आटे सैल करा. त्याचं डोकं पाचेक मिलिमीटर वर येईल. डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका द्या. बोल्ट खाली बसला की ठोकळा सुटला. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडं फिरवत वर घ्या. वर्षानुवर्षं न काढलेला स्टेम गंजानं धरलेला असतो. त्यावर गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा ठोका द्या. पाइप लावून जोर करू नका, चिमटा पिळवटतो.

दांड्यावर रेघांची एक खूण असते. ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. खूण पुसली गेली असेल तर किमान अडीच इंच, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर दांडा आत राहिलाच पाहिजे. चिमट्याच्या नळीच्या वरच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यामुळं तिथं पत्रा पातळ असतो. स्टेम फार वर घेतला तर ठोकळा नेमका त्या पातळ जागी फसतो, आणि तिथं नळीला तडा जातो. हँडल चालत्या सायकलीवरून हातात येण्याचे अपघात यातूनच होतात. खुणेमुळं हवी तेवढी उंची मिळत नसेल तर जास्त लांब दांड्याचा स्टेम घ्यावा.

बसवताना दांड्याला आणि ठोकळ्याला ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी गंजून बसणार नाही. आवळून झाल्यावर चाक गुडघ्यांत धरून हँडल बऱ्यापैकी जोरानं पिळा. सरकलं नाही म्हणजे झालं. अवाच्या सवा आवळलं तर चिमट्याची नळी आतून फुगते आणि मग स्टेम वरही येत नाही, खालीही जात नाही.

दांडीच्या सायकलीत आणखी एक भानगड आहे. तिचे ब्रेक तारेचे नसून सळईचे, आणि पुढच्या चाकाचा ब्रेक सळई वर ओढून लागतो. हँडल २ सेंटिमीटर वर घेतलं की सळईही तेवढी वर जाते आणि ब्रेक आपोआप लागून बसतो. म्हणून आधी सळईची जोडणी सैल करायची, उंची ठरवायची, मग ब्रेकचं रबर रिमपासून सुटं राहील अशी सळई पुन्हा आवळायची. या सायकलीत हँडल आणि स्टेम बहुधा एकमेकांना कायमचे जोडलेले असतात, त्यामुळं कोन किंवा रुंदी बदलायला जाऊ नका. उंची आणि ग्रिप एवढंच तिथं आपल्या हातात आहे. तसाही तिचा बाक मुळातच शहाणपणाचा आहे. हात टाळी दिल्यासारखे आत वळलेले राहतात, पाठ ताठ राहते आणि वजन सीटवर पडतं.

नव्या सायकलींत चिमट्याची नळीच वरपर्यंत येते आणि स्टेम तिला बाहेरून कवटाळतो. तिथं उंची बदलायची म्हणजे स्टेमच्या वर बसवलेल्या चकत्या खाली घ्यायच्या, किंवा स्टेम उलटा करायचा. १०० मिलिमीटर लांबीचा, ६ अंशांचा स्टेम उलटा केला तर हँडल सुमारे २० मिलिमीटर वर येतं. यात बोल्ट आवळण्याचा क्रम महत्त्वाचा. सोडताना आधी स्टेमच्या कडेचे दोन बोल्ट सैल करा, मग डोक्यावरच्या झाकणाचा. बसवताना उलट: आधी झाकणाचा बोल्ट हळूहळू, फक्त चिमट्याच्या बेअरिंगमधली ढिलाई जाईपर्यंत, मग हँडल चाकाशी सरळ करा, आणि शेवटी कडेचे बोल्ट. झाकणाचा बोल्ट हँडल पक्कं करण्यासाठी नसतो. तो जोरानं आवळला तर हँडल जड फिरतं आणि बेअरिंग लवकर जातात. ढिलाई बघायची तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं ढकला. टकटक जाणवली तर अजून ढिलं आहे.

कोणत्याही प्रकारात उंची बदलली की हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा. तार ताणली जात असेल, ब्रेक आपोआप लागत असेल किंवा गिअर बदलत असेल तर तार आणि तिचं आउटर, म्हणजे तारेवरची नळी, लांब घ्यावं लागेल. दुकानात आउटर मागताना ब्रेकचं की गिअरचं ते नक्की सांगा. गिअरच्या आउटरमध्ये सरळ तारा असतात. ब्रेकच्या जोरानं ते फाटतं, तेही नेमकं जोरात ब्रेक दाबल्यावर.

मनगट सरळ ठेवणारा कोन

हात समोर ताठ करून मुठीत पेन धरा. पेन हाताला काटकोनात राहत नाही, करंगळीच्या बाजूला थोडं आपल्याकडं झुकतं. माणसाच्या मुठीची ठेवणच अशी आहे. म्हणून अगदी सरळ नळीचं हँडल कुणालाच फार वेळ सुखाचं नसतं, आणि बऱ्याच हँडलची टोकं ५ ते ९ अंश मागं वळवलेली असतात. हा बाक मागं आणि किंचित वर यायला हवा. दुकानात घाईत जोडलेल्या सायकलींत तो पुष्कळदा थेट खाली किंवा पुढं झुकलेला दिसतो. स्टेमच्या तोंडाचे बोल्ट सैल करून हँडल जागेवरच पाच-दहा अंश फिरवायचं, एवढंच काम असतं.

मग ब्रेक लिव्हर. सीटवर बसा, डोळे मिटून हात सहज हँडलवर ठेवा आणि बोटं सरळ करा. कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत असताना बोटं जिथं पोचतात तिथं लिव्हर हवा. बहुतेकांना तो आडव्या रेषेपासून ३० ते ४५ अंश खाली लागतो. लिव्हर जवळजवळ आडवा असला तर ब्रेक धरताना मनगट मागं मोडतं, आणि जमिनीकडं तोंड करून असला तर मनगट पुढं वाकून भार अंगठ्याच्या बेचक्यावर येतो.

बोटं आखूड असतील तर लिव्हरच्या बुडाशी असलेला बारीक स्क्रू शोधा. तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. मुलींच्या आणि लहान मुलांच्या सायकलीत हा स्क्रू कुणी बघितलेलाच नसतो, आणि पोरं ब्रेक धरायला अख्खा हात ग्रिपवरून उचलतात. तेवढा एक स्क्रू फिरवल्यानं त्यांचा हात ग्रिपवर राहतो. स्क्रूनंतर ब्रेकची तार पुन्हा ताणून बघा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ग्रिपला टेकता कामा नये.

इथले बोल्ट लहान असतात. स्टेमच्या तोंडाचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटर आवळायचे. म्हणजे अ‍ॅलन कीचा लांब हात साडेसात सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या टोकावर सुमारे सात किलो वजनाइतका जोर, त्याहून जास्त नाही. चार बोल्ट असतील तर कर्णरेषेत, थोडं थोडं आवळा आणि वरची-खालची फट सारखी ठेवा. स्टेमवर छापलेला आकडा असेल तर तोच खरा.

रुंदी

दंडबैठकांतला दंड मारताना हात जमिनीवर जिथं सहज पडतात, तेवढं अंतर सपाट हँडलला बरं. रोजच्या वापराला ६०० ते ६८० मिलिमीटर पुष्कळ झालं. हल्लीच्या माउंटन बाइकला ७२० ते ७८० चं हँडल येतं. ते दगडधोंड्यांवर तोल धरायला उत्तम, पण शहरातल्या गुलमंडी बाजाराच्या गर्दीत आरशांना धडकतं आणि अरुंद खांद्याच्या माणसाची मान धरतं.

कापण्याआधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही. पटलं तर एका वेळी प्रत्येक बाजूनं ५ ते १० मिलिमीटरच कापा. उरलेल्या सरळ भागात ग्रिप, लिव्हर आणि गिअरचा खटका तिन्ही मावतात ना हे आधी मोजा. नळीभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळली की तिची कड हीच सरळ कापायची रेघ. इंचाला ३२ दात असलेल्या हॅक्सॉ ब्लेडनं कापा, आतली-बाहेरची धार कानशीनं मारा, लोखंडी नळी असेल तर उघड्या कडेला रंग लावा. कार्बनचं हँडल घरी कापू नये.

टोकाला बूच हवंच. हा नखऱ्याचा भाग नाही. उघड्या नळीवर पडल्यावर ती पोटात घुसते. लहान मुलांना अशा जखमा होतात आणि वरून दिसतात त्यापेक्षा आत गंभीर असतात. ग्रिपचं टोक फाटलेली सायकल मुलाच्या हाती देऊ नका.

नवीन हँडल किंवा ग्रिप घेताना माप कागदाच्या पट्टीनंही काढता येतं. नळीभोवतीचा घेर ७० मिलिमीटर आला तर व्यास २२.२, हे जवळजवळ सगळ्या सपाट हँडलच्या टोकांचं माप. खाली वळलेल्या रेसिंग हँडलचा घेर ७५ येतो, त्याला ही ग्रिप चालत नाही, तिथं टेपच गुंडाळतात. स्टेम जिथं धरतो तिथं घेर ८० आला तर २५.४ चं हँडल, १०० आला तर ३१.८ चं. ही दोन एकमेकांच्या स्टेममध्ये बसत नाहीत.

आता ग्रिप

जाडी आधी. ग्रिप धरल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या बुडाला जेमतेम टेकायच्या बेतात असावं. नखं तळहातात रुतत असतील तर ती बारीक, बोटं अर्ध्यावर थांबत असतील तर जाड. मोठ्या हाताला ३२ ते ३४ मिलिमीटर, लहान हाताला २८ ते ३० ठीक. हातमोजे घालत असाल तर ते घालूनच बघा.

मऊपणाचा मोह टाळा. दुकानात अंगठ्यानं दाबल्यावर जी ग्रिप गादीसारखी दबते, ती रस्त्यावर वजन पडल्यावर पूर्ण चेपते आणि खालची नळी हाताला लागते. शिवाय मऊ वस्तू हातात वळवळते म्हणून आपण ती आवळतो. मध्यम कडक रबर जास्त अंतराला चांगलं.

मग ऊन. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि सायकल दिवसभर उघड्यावर तापते. स्वस्त प्लास्टिकच्या ग्रिपमध्ये मऊपणासाठी घातलेला द्रव उष्णतेनं बाहेर येतो आणि ग्रिप चिकट होते. ही चिकटाई धुऊन जात नाही, ग्रिप बदलणंच बरं. स्पंजच्या ग्रिप हलक्या आणि सुखद, पण उन्हानं भुरभुरतात आणि घाम शोषून खारट होतात. एक-दोन उन्हाळे त्यांचं आयुष्य. सिलिकॉन उन्हाला टिकतं. पक्क्या रबराची, बारीक खाचांची ग्रिप आपल्या हवेला सगळ्यात इमानी. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल खाचांत भरतो तेव्हा जुन्या टूथब्रशनं घासली की पुन्हा धरते.

पंखासारखा पसरट भाग असलेल्या ग्रिप करंगळीच्या बाजूला आधार देतात. अल्नर नसेचा त्रास असणाऱ्यांना त्यांचा खरा उपयोग होतो. पण पंखाचा कोन चुकला तर उलट मनगट मोडतं. सीटवर बसून, मनगट सरळ ठेवून पंख तळव्याला पूर्ण टेकेल असा कोन धरा, मग आवळा. नुसतं उभं राहून बसवलेला पंख हमखास जास्त वर राहतो.

कड्यांच्या, म्हणजे बोल्टनं आवळायच्या ग्रिप कधी फिरत नाहीत आणि दोन मिनिटांत निघतात. त्यांचे बोल्ट २ ते ३ न्यूटन-मीटरच आवळा, नाहीतर आतली प्लास्टिकची नळी तडकते. उन्हात ही धातूची कडी चटका देतात, तेव्हा सायकल लावताना वर फडकं टाकून ठेवा.

सरकवून बसवायच्या साध्या ग्रिपचंच काम सर्वांत जास्त बिघडतं. जुनी काढताना तिच्या कडेखाली सायकलच्या चाकाची जुनी तार किंवा बोथट बारीक स्क्रू-ड्रायव्हर सरकवा, आत थोडं स्पिरिट सोडा, ग्रिप पिळत ओढा. फेकायचीच असेल तर ब्लेडनं उभी चिरा. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर मात्र ब्लेडचा ओरखडा पडू देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो.

नवी बसवताना नळी स्पिरिटनं पुसून कोरडी करा. ग्रिपच्या आत चमचाभर स्पिरिट घाला, दोन्ही तोंडं बोटांनी दाबून हलवा, जास्तीचं ओता आणि एका दमात शेवटपर्यंत ढकला. पाच-दहा सेकंदांत कोन ठरवायचा. मग रात्रभर हात लावायचा नाही. स्पिरिट उडून जातं आणि रबर नळीला घट्ट धरतं. हेअरस्प्रेनंही हेच होतं, तो वाळल्यावर उलट थोडा चिकटतो. खोबरेल तेल, ग्रीस आणि साबण यांनी ग्रिप झटकन चढते खरी, पण तेल कधीच उडत नाही, आणि साबणाचा वाळलेला थर पहिल्या पावसात पुन्हा निसरडा होतो. रॉकेलनं रबर फुगतं. हँड सॅनिटायझरचा जेलही नको, त्यातला ग्लिसरीनसारखा भाग मागं राहतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी ग्रिप जोरात पिळून बघा. फिरली तर त्या सायकलीवर बसू नका. उतारावर ब्रेक दाबताना फिरणारी ग्रिप हाताखालून निघून जाते.

जुन्या ट्यूबची ग्रिप

गावात ग्रिप मिळाली नाही किंवा आहे ती बारीक पडत असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी हा उत्तम इलाज आहे, नीट केला तर. ट्यूब उभी चिरा, आतली पांढरी पावडर साबणानं धुऊन वाळवा. पावडर राहिली तर थर एकमेकांवर घसरतात. २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी काढा. निम्मी पट्टी आधीच्या वेढ्यावर येईल अशी गुंडाळत गेलं की १२ सेंटिमीटरच्या ग्रिपला पाऊण मीटर लागते. ट्यूबचं रबर साधारण १ मिलिमीटर जाड असतं. असा एक फेरा मारल्यावर २२ ची नळी २६ ची होते, आणि दुसरा फेरा उलट दिशेनं मारला की ३० ची.

सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेढ्याला पंक्चरचं सोल्युशन दोन्ही बाजूंनी पातळ लावा आणि चार-पाच मिनिटं थांबून मग चिकटवा. ओलं असतानाच दाबलं तर धरत नाही. पट्टी ताणून गुंडाळा, पण रुंदी निम्मी होईल इतकी नको. शेवट मेणाच्या जाड दोऱ्यानं आवळून बांधा. वायरमनची काळी टेप लावतात, ती मे महिन्यात गोंद सोडते आणि हाताला राळ लागते. उघडं काळं रबर हाताला डाग देतं आणि उन्हात फार तापतं, म्हणून वर सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी गुंडाळावी. पावसाळा लागला की ती काढून ठेवावी, ओली सुती पट्टी वाळत नाही आणि लोखंडी हँडल आतून गंजतं. बॅडमिंटनच्या रॅकेटची टेपही चालते, तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळं थोडीच वाढ हवी असेल तेव्हा ती सोयीची.

लांब जाणाऱ्यांनी टोकाला शिंगांसारखे बार-एंड लावले तर धरायला दुसरी जागा मिळते. एकाच जागी तासभर दाब राहत नाही, आणि घाटात उभं राहून मारतानाही ते कामी येतात. मात्र तिथून ब्रेक हाताशी नसतो, म्हणून गर्दीत किंवा उतारावर हात ग्रिपवरच हवेत. हँडलला दुधाच्या किटल्या आणि भाजीच्या पिशव्या अडकवायच्या असतील तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. वजन झुलतं, हात ते सावरत राहतात. कॅरिअर त्यासाठीच असतं.

पडल्यावर वाकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल सरळ करून वापरू नका. ते सरळ दिसतं, पण आतून तडकलेलं असू शकतं, आणि मोडतं तेव्हा आधी सांगत नाही. स्टेमच्या लगत बारीक रेघ दिसली किंवा जोर दिल्यावर करकर ऐकू आली तरी ते उतरवा. वेल्डिंग तर मुळीच नको.

एका वेळी एकच बदल करा, तोही ५ ते १० मिलिमीटरचा किंवा पाच अंशांचा, आणि दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवा. आधीची जागा पेन्सिलीनं किंवा टेपच्या तुकड्यानं खुणावून ठेवा, म्हणजे परत जाता येतं. शेवटची जागा ठरल्यावर पहिल्या ३० ते ४० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, नवे बसवलेले भाग थोडे दबून ढिले होतात. मग प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, आणि सकाळी निघताना नुसती नजर टाकली तरी कळतं.